कुतच्या वेढ्यातील भाकरी



युद्धाचा इतिहास म्हटला, की तोफांचा गडगडाट, सेनापतींचे डावपेच आणि निशाणांची चढउतार एवढेच आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. वस्तुतः आपल्या मराठी माणसाला तरी याहून निराळे शिक्षण मिळालेले आहे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ या एका दिवसात झाली. परंतु भाऊसाहेबांची छावणी त्यापूर्वी दोन महिने धान्याच्या दाण्यासाठी झुरत होती, आणि लढाईचा निकाल पुष्कळसा त्या दोन महिन्यांतच लागला होता. आज मी आपणांस जी हकिगत सांगणार आहे, ती अशाच एका उपाशी छावणीची आहे. तिच्यात तोफा आहेत, विमानेही आहेत. पण तिचा खरा नायक म्हणाल, तर तो नवटाकभर पिठाची भाकरी हाच आहे.

पहिल्या महायुद्धात इराकमधील कुत-अल-अमारा या गावी इंग्रजांच्या फौजेला तुर्कांनी वेढले. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जवळजवळ पाच महिने तो वेढा चालला, आणि शेवटी सुमारे १३,००० माणसे शरण गेली. ही फौज 'इंग्रजांची' असे इतिहासात लिहितात. तिचे सरकारी नाव मात्र 'सहावी पुणे डिव्हिजन' असे होते. तीत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. खडकीच्या सॅपर्स-मायनर्सच्या दोन तुकड्या होत्या. पंजाबी, रजपूत, गुरखे होते, गोऱ्यांच्या पलटणी होत्या, आणि यांच्याबरोबर भिस्ती, धोबी, डोलीवाले, खेचरवाले, स्वयंपाकी असे तीन हजारांवर हिंदी अनुचर होते. पुण्याचे नाव कपाळी घेऊन गेलेली ही फौज आज पुण्यातही फारशी कुणाला आठवत नाही.

ही माणसे तेथे गेली कशाला? तेलासाठी. इंग्रजी आरमार तेव्हा कोळसा सोडून तेलावर चालू लागले होते. इराणच्या आखाताच्या टोकाशी आबादान येथे तेल शुद्ध करण्याचा कारखाना होता, आणि ज्या कंपनीचा तो होता तिचे निम्म्याहून अधिक भाग इंग्रज सरकारने १९१४ मध्येच विकत घेतले होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्थान युद्धात उतरले. त्याच महिन्यात आपली फौज फाव येथे किनाऱ्याला लागली आणि २२ नोव्हेंबरला तिने बसरा घेतले. मूळ काम तेवढेच होते. परंतु सोपा जय हा दारूसारखा असतो. बसऱ्याच्या रक्षणासाठी कुर्ना घ्यावे, कुर्न्याच्या रक्षणासाठी अमारा घ्यावे, अमाऱ्यासाठी कुत, असे करीत करीत ही फौज तैग्रिस नदीच्या काठाकाठाने वर सरकत गेली. मोहिमेचा कारभार लंडनकडे नव्हता, सिमल्याला बसलेल्या हिंदुस्थान सरकारकडे होता. त्या सरकारने माणसे पाठविली, पण नदीवर चालणाऱ्या बोटी, गाड्या, दवाखाने हे सारे हात आखडून दिले. पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ येथेच आहे.

डिव्हिजनचा सेनापती होता मेजर-जनरल चार्ल्स टाउनशेंड. त्याची कीर्ती कशावरून झाली होती, हे ऐकून आपणांस दैवाची थट्टा वाटेल. १८९५ मध्ये चित्रळच्या किल्ल्यात तो ४६ दिवस वेढ्यात अडकला होता, आणि तेथून सुटका होताच इंग्लंडात त्याचे नाव घरोघर झाले होते. वेढ्यात टिकून राहावे म्हणजे सुटका करणारे येतातच, हा धडा त्याच्या मनावर तेव्हा कोरला गेला असल्यास नवल नाही. माणूस हुशार, युद्धेतिहासाचा व्यासंगी. जून १९१५ मध्ये शंभरएक माणसे बरोबर घेऊन त्याने नदीतून मुसंडी मारली आणि अमारा हे मोठे गाव केवळ धाकाने घेतले. सप्टेंबरअखेर कुत पडले. मग बगदादचा मोह सुटला. पुरेशा फौजेवाचून पुढे जाणे धोक्याचे आहे, असे टाउनशेंडने स्वतःच वरिष्ठांना कळविले होते. पण वरून हुकूम आला, आणि तो निघाला.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे, प्राचीन इराणी बादशहांच्या प्रचंड कमानीच्या छायेत, मोठी लढाई झाली. त्या जागेला लोक सलमान पाक म्हणतात, कारण पैगंबरांचे सहकारी सलमान यांची कबर तेथे आहे. फौजेतील मुसलमान शिपायांचे मन दुखावू नये म्हणून इंग्रजांनी लढाईला ते नाव न देता 'टेसिफोन' हे जुने ग्रीक नाव दिले. नावाची एवढी काळजी घेणाऱ्यांनी जखमींची मात्र घेतली नाही. चार हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. जखमींना स्प्रिंगा नसलेल्या, खेचरांच्या सामानगाड्यांत घालून मैलोगणती हाडे खिळखिळी करीत नदीपर्यंत आणले आणि बोटींवर रचले. बसऱ्याला एका बोटीचे स्वागत करण्यास मेजर कार्टर नावाचा हिंदी वैद्यकीय खात्यातला डॉक्टर गेला होता. बोटीच्या कडांवरून दोऱ्या लोंबत आहेत असे त्याला दुरून वाटले. बोट जवळ आली तेव्हा कळले, की त्या दोऱ्या नव्हत्या. जागचे हलू न शकणाऱ्या, अतिसाराने ग्रासलेल्या जखमींची ती वाळलेली विष्ठा होती. हे त्याने वरिष्ठांना सांगितले, तेव्हा फाजील बोलतो म्हणून त्यालाच अटकेची धमकी मिळाली.

माघार घेत फौज ३ डिसेंबरला कुतला पोहोचली. कुत हे तैग्रिसच्या नालेसारख्या वळणात वसलेले मातीच्या घरांचे गाव. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला उघडे माळरान. पलीकडच्या तीरावरील एका वस्तीत ज्येष्ठमधाचा कारखाना होता, तोही फौजेने ताब्यात ठेवला. गावात सहा हजारांच्या आसपास अरब रहिवासी होते. त्यांना हाकलून द्यावे, तर ऐन थंडीत बायकापोरांना वाळवंटात मरायला धाडल्यासारखे झाले असते. टाउनशेंडने बहुतेकांना राहू दिले. माणुसकीच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. परंतु तोंडे वाढली आणि धान्य तेवढेच राहिले.

आता या धान्याचाच हिशेब पाहू. कारण माझ्या मते कुतचे भवितव्य येथे ठरले. डिसेंबरात टाउनशेंडने बाहेर कळविले, की गोऱ्या शिपायांना महिनाभर आणि हिंदी शिपायांना सुमारे दोन महिने पुरेल एवढा शिधा आहे. झाले! सुटकेसाठी निघालेल्या जनरल एल्मरला वाटले, की आता एक दिवस दवडणे म्हणजे पाप. तोफा आल्या नाहीत, पलटणींची जुळवाजुळव झाली नाही, डोल्या व डॉक्टर मागेच राहिले, तरी तशीच फौज त्याने जानेवारीच्या पावसात खंदकांवर घातली. शेख साद, वादी, हन्ना अशा तीन लढाया पंधरा दिवसांत झाल्या. हन्नाला तर गुडघाभर चिखलात जखमी माणसे रात्रभर पडून गारठून मेली. आणि हे झाल्यावर, जानेवारीच्या अखेरीस, टाउनशेंडने गावातील घरांची झडती घेतली. जमिनीखाली, भिंतींआड लपविलेले जव निघाले. घोडे-खेचरे मारून खाल्ली तर आणखी ८४ दिवस निभाव लागेल, असे नवे गणित त्याने बाहेर पाठविले!

श्रोतेहो, घरची गृहिणी चतुर्मासाच्या आधी कणगीत हात घालून किती धान्य उरले ते पाहते. एका डिव्हिजनच्या सेनापतीने ते दोन महिने पाहिले नाही. ही झडती पहिल्या आठवड्यात झाली असती, तर सुटकेच्या फौजेला तयारीसाठी तेवढा वेळ मिळाला असता. १३,००० माणसांना सोडविण्यासाठी झालेल्या या लढायांत शेवटी सुमारे २३,००० माणसे कामी आली किंवा जखमी झाली.

एकदा तर सुटका अगदी हाताशी आली होती. ८ मार्चच्या पहाटे एल्मरची मोठी फौज रात्रभर चालून दुजैला नावाच्या बुरुजापाशी जाऊन ठेपली. तुर्कांना पत्ताही नव्हता. बुरुज जवळजवळ रिकामा होता. धावत गेले असते तर घेतला असता. पण योजनेच्या कागदावर लिहिले होते, की आधी तोफांनी मारा करावा आणि मग पायदळाने पुढे व्हावे. कागद म्हणतो म्हणून फौज थांबली, तोफांची जुळणी झाली, त्या आवाजाने तुर्क जागे झाले आणि नदीपलीकडून हजारोंनी धावून आले. संध्याकाळपर्यंत सर्व आटोपले. सात-आठ मैलांवरच्या कुतमध्ये लोक त्या तोफा ऐकत होते. आवाज जवळ येतो आहे की दूर जातो आहे, एवढेच त्यांना ओळखायचे होते.

वेढ्यातील कारागिरांनी मात्र कमाल केली. विमानाच्या निकामी इंजिनाच्या नळकांड्यांतून सॅपर्सनी बाँब फेकण्याच्या उखळी तोफा बनविल्या. जव सापडले, पण ते दळायचे कशात, हा प्रश्न होता. तेव्हा जात्याच्या तळ्या विमानातून आणून कुतमध्ये टाकण्यात आल्या! विमान हे यंत्र तेव्हा अवघ्या बारा वर्षांचे होते. आपल्या आयाबहिणी ज्या जात्यावर पहाटे ओव्या म्हणत, ते जाते आकाशातून उतरल्याचे उदाहरण पुराणांतही सापडावयाचे नाही.

याच जात्याशी वेढ्यातील सर्वांत विलक्षण गोष्ट निगडित आहे. गोऱ्या शिपायांचा शिधा म्हणजे पांढऱ्याशुभ्र मैद्याचा पाव. हिंदी शिपायांचा शिधा म्हणजे आटा, डाळ, तूप. वेढ्याच्या पहिल्या दोन महिन्यांत गोऱ्यांच्या पायांना सूज येऊ लागली, चालवेनासे झाले, हृदय दुबळे झाले. तो बेरीबेरी नावाचा रोग होता. हिंदी शिपायांत तो जवळजवळ नव्हता. फेब्रुवारीत मैदा संपला. गोऱ्यांनाही कोंड्यासकट दळलेले जव आणि आटा खावा लागला, आणि काय आश्चर्य, शिधा कमी होत असताना बेरीबेरी थांबली! उलट त्याच सुमारास हिंदी शिपायांच्या हिरड्या सुजू लागल्या, दात हलू लागले, अंगावर काळेनिळे डाग उठले, जुन्या जखमा भरेनाशा झाल्या. हा स्कर्व्ही रोग होता. ताज्या भाज्या वा फळे कोणालाच मिळत नव्हती. पण गोरे शिपाई मारलेल्या घोड्यांचे ताजे मांस खात होते, आणि त्यातील अल्पशा सत्त्वाने त्यांचा बचाव होत होता. 'व्हिटॅमिन' हा शब्द १९१२ मध्येच जन्माला आला होता, आणि बहुतेक डॉक्टरांना तो अजून नवा होता. कुतच्या मातीच्या घरांत जणू एक प्रयोगशाळाच उघडली गेली. गोऱ्याच्या आजारावरचे औषध हिंदी शिपायाच्या परातीत होते आणि हिंदी शिपायाचे औषध गोऱ्याच्या ताटात. मध्ये भिंत होती ती सवयीची, दर्जाची आणि धर्माची.

आता त्या धर्माच्या भिंतीविषयी बोलले पाहिजे. कारण इंग्रजी ग्रंथांतून पुष्कळदा असा सूर ऐकू येतो, की हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस वेळेवर खाल्ले असते तर कुत तगले असते. जानेवारीच्या अखेरीपासून जनावरे मारू लागले. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, मांसाला हात लावला नाही. तेव्हा बिनतारी यंत्राने हिंदुस्थानात विचारणा झाली, आणि आपत्काळी हे मांस खाण्यास हरकत नाही, असा पंडितांचा आणि मौलवींचा निर्वाळा आला. तो शिपायांना वाचून दाखविला. तरीही ते खाईनात.

यात केवळ हट्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या शिपायांची उत्तरे ऐकावीत. ते म्हणत, पंडितजींनी परवानगी दिली, पण आमच्या गावाला हे कोण सांगणार? उद्या परत गेलो तर पाणी बंद होईल, आमच्या मुलींशी कोणी लग्न करणार नाही. शास्त्र दिल्लीचे असेल, पण पंगत गावची असते. पगारासाठी आणि मिठाला जागण्यासाठी हा माणूस प्राण द्यायला तयार होता, पण ज्या गावासाठी तो पगार पाठवीत होता ते गावच गमवायला तयार नव्हता. त्याच्या या भीतीची लाज कोणाला वाटायला हवी असेल, तर ती वेढ्यात अडकलेल्या शिपायाला नव्हे. परातीत काय पडले यावरून माणसाला वाळीत टाकणाऱ्या आपल्या गावांना वाटली पाहिजे. हे आपण आपल्या घरात बसून स्पष्ट बोलावे. परक्याने ते शिपायाच्या माथी मारावे, हे मात्र मान्य करू नये.

शेवटी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, पिठाचा शिधा आणखी घटल्यावर, ही भिंत कोसळली. प्रथम काहींनी, मग हजारोंनी मांस घेतले. पण तोवर शरीरे पोखरली गेली होती. शिपाई माळावर उगवणारी रानभाजी खुडून शिजवीत. त्यांत विषारी पाला निघाला म्हणजे माणसे मरत. पहाऱ्यावर उभा असलेला माणूस उभ्याउभ्याच भुकेने प्राण सोडी. अखेरच्या दिवसांत दर माणशी पीठ चार-पाच औंसांवर आले होते, म्हणजे आपल्या जुन्या मापाने नवटाकभर, फार तर किंचित अधिक. एवढ्या भाकरीवर माणसे पुराचे पाणी भरलेल्या खंदकांत बंदुका घेऊन उभी होती.

सुटकेचे शेवटचे तीन उपाय झाले. तिन्ही युद्धेतिहासात अपूर्व आहेत. पहिला विमानांचा. १५ एप्रिलपासून विमाने पोती घेऊन कुतवर येऊ लागली. एका पोत्यात दुसरे सैलसर पोते, म्हणजे आतले फुटले तरी पीठ बाहेर सांडू नये. वेढलेल्या फौजेला आकाशातून जेवू घालण्याचा जगातील हा पहिलाच मोठा प्रयत्न समजला जातो. पण विमाने थोडी, तीही कमकुवत. काही पोती तैग्रिसमध्ये पडली, काही तुर्कांच्या खंदकांत. दोन आठवड्यांत सोळा-सतरा हजार पौंड माल पोहोचला. ऐकायला आकडा मोठा वाटतो. फौजेत वाटून पाहिला, तर माणशी रोज दीड औंससुद्धा भरत नाही.

दुसरा उपाय बोटीचा. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' नावाची आगबोट २७० टन शिधा भरून, लोखंडी पत्रे ठोकून, तुर्कांच्या दोन्ही तीरांवरील तोफांमधून कुतकडे निघाली. स्वयंसेवकांपैकी परत येण्याची आशा कोणालाच नव्हती. नदीत आडव्या टाकलेल्या तारेच्या दोरखंडात ती अडकली. कप्तान फर्मन जागीच ठार झाला. वाटाड्या कौली हा तैग्रिसवर आयुष्य घालविलेला माणूस. तुर्क त्याला आपला प्रजाजन मानीत. त्याला त्यांनी पकडून ठार केले. शिधा तुर्कांच्या पदरी पडला.

तिसरा उपाय ऐकून आपण चकित व्हाल. तो लाचेचा होता. लंडनच्या युद्धमंत्र्याच्या संमतीने तुर्की सेनापती खलील पाशाला आधी दहा लाख, मग वीस लाख पौंड देऊ केले, तोफाही देऊ केल्या. बदल्यात, पुन्हा तुर्कांविरुद्ध न लढण्याच्या वचनावर फौज सोडावी. या बोलाचालीसाठी गेलेल्या अधिकाऱ्यांत एक तरुण कप्तान होता, टी. ई. लॉरेन्स. अरबांच्या बंडामुळे पुढे जगभर गाजलेला तोच हा लॉरेन्स. तुर्कांनी पैसा धुडकावला आणि ही बातमी जगभर पसरवून इंग्रजांची नाचक्की केली. त्यांनी एवढेच मान्य केले, की हजारावर आजारी व जखमी माणसे अदलाबदलीने न्यावीत. २९ एप्रिलला टाउनशेंडने तोफा फोडून टाकल्या आणि पांढरे निशाण लावले.

येथून पुढची हकिगत सांगताना जीभ जड होते. खलील पाशाने टाउनशेंडची तलवार सन्मानाने परत केली. त्याला इस्तंबूलजवळच्या एका रमणीय बेटावर बंगला मिळाला, तेथे तो युद्ध संपेपर्यंत सुखाने राहिला. बंदिवासातच त्याला इंग्लंडच्या राजाचा किताब मिळाला. त्याचा लाडका कुत्रा स्पॉट, त्यालाही विशेष परवानगीने बोटीत बसवून बसऱ्याला स्वकीयांकडे पाठविण्यात आले. शिपायांना मात्र पायी चालविले. पहिल्याच छावणीत तुर्कांची दगडासारखी बिस्किटे खाऊन, उपाशी आतड्यांनी शेकडो मेले. मग मे-जूनच्या वाळवंटी उन्हात बगदाद, तिक्रित, मोसल आणि पुढे रास-अल-ऐन असा शेकडो मैलांचा प्रवास. जोडे विकून खजूर घेतलेले, पाणी नाही, मागे पडेल त्याला पहारेकऱ्याच्या बंदुकीचा दस्ता. जे पोहोचले त्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर, बोगद्यांत आणि रुळांवर, जुंपण्यात आले. गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून अधिक परत आले नाहीत. हिंदी शिपाई व अनुचर हजारोंनी मेले वा नाहीसे झाले. आणि कुतच्या रहिवाशांचे काय? फौजेला मदत केल्याच्या संशयावरून त्यांतील कित्येकांना तुर्कांनी फासावर लटकविले.

या बंदिवासाची हिंदी माणसांनी लिहिलेली साक्ष उपलब्ध आहे, ती बंगालीत. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधील शिशिर सर्वाधिकारी या तरुणाने रोजनिशीची पाने फाडून बुटांत लपवून वाचविली आणि पुढे 'अभि ले बगदाद' हे पुस्तक लिहिले. हिंदी वैद्यकीय खात्यातील कॅप्टन कल्याण मुखर्जी १९१७ मध्ये रास-अल-ऐनला कैदेतच वारले. त्यांची पत्रे हाती धरून त्यांच्या वृद्ध आजीने, मोक्षदा देवींनी, नातवाचे चरित्र लिहिले. आपल्या तीन मराठा पलटणींतील बहुतेक शिपायांना अक्षर येत नव्हते. त्यांच्या नशिबी अशी आजीही आली नाही.

कुतच्या पतनाने काय झाले? लंडनात चौकशी मंडळ बसले. जून १९१७ मध्ये त्याचा अहवाल बाहेर आला, आणि हिंदुस्थान सरकारच्या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली गेली. मेजर कार्टरची साक्ष सर्वांनी वाचली. भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. पार्लमेंटातील चर्चेत, हा राज्यकारभार इतका ताठर आणि जुनाट आहे की आधुनिक काळात तो कुचकामाचा आहे, अशा अर्थाची घणाघाती टीका एका सभासदाने केली. त्याचे नाव एडविन माँटेग्यू. आठवड्याच्या आतच तो भारतमंत्री झाला आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी, हिंदुस्थानला क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा त्याने केली. ही घोषणा केवळ कुतमुळे झाली, असे मी म्हणणार नाही. तिचा मसुदा आधीपासून घोळत होता, आणि त्यामागे लखनौचा करार होता, टिळकांची व बेझंटबाईंची चळवळ होती. पण इंग्रजांचा कारभार निदान कार्यक्षम तरी आहे, हा जो त्यांच्या सत्तेचा शेवटचा नैतिक टेकू होता, तो कुतमध्ये मोडला, हे नाकारता येणार नाही.

तारखांचा एक योग पाहा. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावला लोकमान्यांनी होमरूल लीगची स्थापना केली. दुसऱ्याच दिवशी पुणे डिव्हिजनने कुतला शस्त्रे खाली ठेवली. बेळगावच्या मंडपात बसलेल्यांना कुतची खबर नव्हती आणि कुतच्या खंदकातील मराठ्याला होमरूल हा शब्दही ठाऊक नसेल. तरी दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: आमच्या माणसांचे जीव कोणाच्या हिशेबाने खर्च व्हावेत, आणि तो हिशेब मागण्याचा अधिकार कोणाला? एकाने तो प्रश्न शब्दांत मांडला. दुसऱ्याने तो पोटाने सोसला.

फेब्रुवारी १९१७ मध्ये इंग्रजांनी कुत परत घेतले, मार्चमध्ये बगदादही घेतले. पलटणी नव्याने उभ्या राहिल्या. ११७ व्या मराठा पलटणीला पुढे 'रॉयल' ही पदवी मिळाली. बसऱ्याला मृतांचे मोठे स्मारक झाले. त्याच्यावर इंग्रज शिपायापासून सेनापतीपर्यंत प्रत्येकाचे नाव कोरले. हिंदी अधिकाऱ्यांचीही नावे घातली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार नुसता आकडा घातला. युद्धस्मारकांचे काम पाहणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये या भेदभावाची जाहीर कबुली देऊन क्षमा मागितली. शंभर वर्षांनी का होईना, पण मागितली.

आणि आपण? सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतील कित्येक गावांत चावडीच्या वा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसविलेली आढळते. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके कामास आले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. साताऱ्याच्या अपशिंगे या एकाच गावाचा तो दुसरा आकडा ४६ आहे. अशा पाटीजवळून आपण शेकडो वेळा गेलो असू. कोणत्या वाळवंटात, कोणत्या भुकेने, कोणत्या धर्मसंकटात ही माणसे गेली, ते पाटी सांगत नाही. पण त्या गावांत अजून घरे आहेत, पेट्या आहेत, पेन्शनीचे कागद आहेत, आजोबांच्या आजोबांची एखादी आठवण आहे. हे कागद परदेशातील ग्रंथालयांत मिळणार नाहीत. ते शोधायचे तर आपणच शोधले पाहिजेत.

या सुट्टीत आपल्यापैकी कोणी गावी गेले, तर ती पाटी उभे राहून वाचावी. वाचल्यावर गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारावे, की या आकड्यांतली नावे कोणती? एक नाव जरी हाती लागले, तरी मी आज येथे बोललो ते वाया गेले नाही, असे मी समजेन.